पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं

पत्र : ताई, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. परदेशातल्या एका शाळेने ऑनलाइन मुलाखत घेऊन नोकरी देऊ केली. करारावर सह्या झाल्या, अडीच महिन्यांनी रुजू व्हायचं आहे. पण व्हिसासाठी कागद गोळा करायला बसले आणि एकेक भानगड बाहेर येऊ लागली. पदवीवर माझं लग्नाआधीचं नाव आहे, पासपोर्टवर नंतरचं. बी.एड.च्या प्रमाणपत्रावर आडनावातलं एक अक्षरच चुकलंय, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पदवी नीट राहावी म्हणून लॅमिनेट केली होती, ती अटेस्टेशनला, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का घ्यायला, नेली तर खिडकीवरूनच परत पाठवली. पहिली तीन वर्षं जिथे शिकवलं ती शाळा बंद पडली आणि अनुभवाचं पत्र मी तेव्हा घेतलंच नव्हतं. एक एजंट म्हणतो, "लेटरहेड बनवून देतो, काळजी सोडा." काही वर्षांपूर्वी एका देशाने मला पर्यटक व्हिसा नाकारला होता, ते फॉर्मवर लिहायचं का? पोलिसांचं प्रमाणपत्र घाईघाईने आधीच काढून ठेवलंय, त्याला आता चार महिने होतील. आणि शाळेचा एचआर म्हणतो, "एवढं कशाला, व्हिजिट व्हिसावर या, बाकीचं इथे करू." घरचे म्हणतात, राजीनामा दे आणि पूर्ण वेळ याच्याच मागे लाग. काय करू?
— कागदांत अडकलेली शिक्षिका

उत्तर : तुमच्या यादीतल्या सगळ्या अडचणी सुटणाऱ्या आहेत, एक सोडून. ती एक म्हणजे एचआरचं ते वाक्य, म्हणून तिथूनच सुरुवात करते. (तुम्ही देशाचं नाव लिहिलं आहे, ते मी मुद्दाम गाळलंय. अशी पत्रं निरनिराळ्या देशांसाठी येतात आणि घोळ थोड्याफार फरकाने तेच असतात.)

"व्हिजिट व्हिसावर या" असं सांगणारी प्रत्येक शाळा लबाडच असते असं नाही. काही देशांत आत आल्यावर व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याची कायदेशीर सोय आहे, अमिरातीत ती सर्रास वापरली जाते. जपानमध्ये उलट आहे. पर्यटक म्हणून येऊन नोकरीचा दर्जा मागणं तिथे अपवादात्मक कारणाशिवाय मान्य होत नाही. पण जिथे सोय आहे तिथेही, कामाचा परवाना हातात येण्याआधी वर्गात उभं राहणं म्हणजे बेकायदा काम. पकडलं गेलं तर शाळा दंड भरून मोकळी होते आणि विमानात तुम्हाला बसवलं जातं. पुढच्या आयुष्यात ज्या ज्या फॉर्मवर "तुम्हाला कधी कुठल्या देशातून परत पाठवलं आहे का" असा रकाना येईल, तिथे "हो" लिहावं लागतं. तेव्हा एचआरला एक साधी मेल करा. आत आल्यावर प्रकार बदलता येतो हा नियम कोणता, त्याचा अर्ज कोण करणार, त्याला किती दिवस लागतात, आणि परवाना येईपर्यंत मला वर्गावर पाठवणार नाही हे लेखी द्याल का? लेखी उत्तर आलं तर दूतावासाच्या संकेतस्थळावरच्या नियमाशी ताडून बघा. फोन आला आणि "अहो, सगळे असेच येतात" असं ऐकू आलं, तर तेच तुमचं उत्तर समजा.

आता कागद.

खिडकीपलीकडे काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अधिकारी पासपोर्ट उघडून एका हाताला ठेवतो, पदवी दुसऱ्या हाताला, आणि पेनाचं टोक एकेका अक्षराखाली सरकवत जातो. तो नाव वाचत नसतो, अक्षरं जुळवत असतो. एका ठिकाणी "डबल ई", दुसऱ्या ठिकाणी "आय" दिसलं की पेन थांबतं. तुम्ही चांगल्या शिक्षिका आहात की नाही हा प्रश्न त्याच्या टेबलावर नाहीच. हे सगळे कागद एकाच बाईचे आहेत का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. कागदांत फरक असणं हा गुन्हा नाही, जगभरच्या कित्येक अर्जांत तो असतो. पण तो फरक त्याला स्वतःला सापडला तर संशय होतो, आणि तुम्ही आधीच दाखवून दिला तर नुसती नोंद होते. तुमच्या बहुतेक अडचणींवर माझा तोडगा हाच आहे. विचारायच्या आधी सांगा, आणि सांगताना सोबत पुरावा जोडा.

तर नाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, त्या बघा. यंत्र वाचतं ते तेवढंच. प्रत्येक ओळ ४४ खणांची, आणि पहिल्या ओळीत नावाच्या वाट्याला येतात ३९. आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं नाव. तुमचं आडनाव सरकारदरबारी कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं, याचा निकाल ही ओळ देते. करारात, फॉर्मवर, मेडिकलच्या चिठ्ठीवर, विमानाच्या तिकिटावर नावाची फोड याच पद्धतीने झाली पाहिजे. शाळेने करारावर तुमचं मधलं नाव आडनावाच्या जागी घातलं असेल तर आजच दुरुस्त करून मागा, कारण परवाना त्या करारावरून निघतो आणि परवान्यातली चूक निस्तरायला करारातल्या चुकीच्या दसपट वेळ जातो. (ज्यांच्या पासपोर्टवर एकच शब्द आहे आणि दुसरा रकाना रिकामा, त्यांनी तर आधी पासपोर्टचंच बघावं. अमिरातीने नोव्हेंबर २०२२मध्ये अशा एकशब्दी नावांवर पर्यटक आणि व्हिजिट व्हिसा देणं थांबवलं. अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे पहिलं नाव अज्ञात, अशी अक्षरं छापून येतात आणि मग तीच अक्षरं बँकेपासून विम्यापर्यंत नावाला चिकटतात.)

तुमच्या पदवीवरचं जुनं नाव ही चूक नाहीये. पदवी मिळाली तेव्हा तुमचं तेच नाव होतं. ते बदलून घ्यायच्या नादी लागू नका. पासपोर्ट जुन्या नावावर फिरवायचा विचार तर मुळीच नको, नंबर बदलेल आणि आत्तापर्यंत झालेले सगळे कागद पुन्हा करावे लागतील. तुम्हाला हवाय तो दोन नावांमधला दुवा. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर दोन्ही नावं असतील तर काम झालं. ते काढून बघा, कारण कित्येकदा त्यावर एकच नाव असतं आणि ते आपल्याला आयत्या वेळी कळतं. एकच असेल तर नावबदलाची राजपत्रातली नोंद, आणि तीही नसेल तर प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्र शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. ते म्हणजे तुमचं तुमच्याबद्दलचंच म्हणणं, त्याला वजन येतं ते सोबतच्या कागदांमुळे.

बी.एड.चं प्रकरण वेगळं. ती खरोखरची चूक आहे आणि विद्यापीठाची आहे, तेव्हा दुरुस्तीही त्यांनीच करायची. अर्ज आजच करा. पण दुरुस्त प्रमाणपत्र अडीच महिन्यांत हातात पडेल यावर विसंबू नका. त्याच फेरीत कुलसचिवांच्या किंवा परीक्षा विभागाच्या सहीशिक्क्याचं एक पत्र मागा. अमुक नोंदणी क्रमांकाची, अमुक वर्षाची विद्यार्थिनी हीच, प्रमाणपत्रावर आडनावाचं स्पेलिंग चुकलं आहे, बरोबर स्पेलिंग हे, दुरुस्तीचा अर्ज दाखल झाला आहे. नोंदणी क्रमांक त्यात हवाच हवा, गुणपत्रिकेवरही तोच असतो आणि जुळवणी त्यावरूनच होते.

मग हे सगळं एका पानावर मांडा. त्या पानाला साहित्यिक भाषेची गरज नाही. शाळेची हजेरी मांडतो तशी मांडणी पुरे: कागदाचं नाव, त्यावरचं माझं नाव अक्षर न् अक्षर जसंच्या तसं, फरक असेल तर कारण, आणि पुरावा कितव्या क्रमांकावर जोडलाय. उदाहरणार्थ, "बी.एस्सी. पदवी. नाव लग्नाआधीचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं. पुरावा : विवाह प्रमाणपत्र, क्रमांक ४." दुसरी ओळ, "बी.एड. आडनावात एक अक्षर चुकीचं छापलं आहे. पुरावा : विद्यापीठाचं पत्र, क्रमांक ५." माफी मागू नका, गयावया करू नका, "माझ्या स्वप्नातली नोकरी" वगैरे लिहू नका. खाली सही आणि तारीख. हे पान गठ्ठ्याच्या अगदी वर, फॉर्मच्या लगेच मागे. ऑनलाइन अर्ज असेल आणि असं पान टाकायला वेगळी जागा नसेल, तर पदवीच्या स्कॅनच्याच फाइलमध्ये ते पहिलं पान म्हणून जोडा.

लॅमिनेशन. प्लास्टिक इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने सोडवायचे व्हिडिओ तुम्ही एव्हाना पाहिले असतील. नका करू. शाई प्लास्टिकबरोबर उचलली जाते आणि हातात अर्धवट पांढरा कागद उरतो. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत घ्या. त्यावर "दुय्यम" असा शिक्का असेल, त्याने काही बिघडत नाही. खिडकीवरून परत पाठवलं त्यांच्यावर रागावू नका, शिक्का आणि सही कागदावर उमटावी लागते, प्लास्टिकवर ती टिकत नाही.

इथे अपोस्टिल आणि दूतावासाचं अटेस्टेशन यांतला फरक समजून घ्या, कारण पैसे आणि आठवडे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र, ते निघालं ५ ऑक्टोबर १९६१च्या हेग करारातून. करारातल्या एका देशाने आपल्या कागदावर ते चौकोनी प्रमाणपत्र लावलं की दुसऱ्या सदस्य देशाला पुन्हा आपल्या दूतावासाचा शिक्का मागता येत नाही. नमुना ठरलेला आहे: बाजू किमान ९ सेंटिमीटरची, आत क्रमांक घातलेले १० मुद्दे, वर फ्रेंचमध्ये शीर्षक. समोरचा देश करारात नसेल तर लांबचा रस्ता. आधी आपल्याकडचे शिक्के, मग त्या देशाच्या दूतावासाचा, आणि बऱ्याचदा तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. आखातातलेच बघा ना. ओमान, बहरीन आणि सौदी अरेबिया करारात आहेत, अमिरातीसाठी मात्र दूतावासाचं अटेस्टेशनच लागत आलं आहे. यादी बदलतही असते. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ रोजी लागू झाला, त्याआधीचे जे काही सल्ले तुम्हाला सापडतील ते आता शिळे आहेत. आणि दोन्ही देश करारात आहेत एवढ्याने भागत नाही. एखादा सदस्य दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकत घेऊ शकतो आणि मग त्या दोघांपुरता करार चालत नाही. जर्मनीने भारताच्या बाबतीत अशी हरकत घेतलेली आहे. म्हणून "अपोस्टिल झालं म्हणजे जगभर चाललं" हे एजंटचं वाक्य ऐकून पैसे मोजू नका.

आणखी दोन गोष्टी. कागद ज्या देशाने दिला त्याच देशात त्याचं अपोस्टिल होतं, तुम्ही सध्या कुठे राहता याला अर्थ नाही. आणि अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा आहे एवढंच सांगतं, आतल्या मजकुराची हमी घेत नाही. म्हणजे बी.एड.वरचं चुकलेलं अक्षर अपोस्टिलने सुधारत नाही, उलट चुकीसकट त्यावर शिक्कामोर्तब होतं. दुरुस्ती होणार असेल तर आधी दुरुस्ती, मग अपोस्टिल. दुरुस्ती वेळेत होणार नसेल तर मूळ प्रमाणपत्राबरोबर विद्यापीठाच्या त्या पत्राचंही अपोस्टिल करून घ्या, म्हणजे दोन्ही कागद एकाच वजनाचे होतील.

आता तो एजंट. त्याचा फोन उचलू नका एवढं सांगून थांबले असते, पण तुमच्या पत्रात "सगळेच करतात म्हणे" असा सूर डोकावतो, म्हणून आकडे देते. अर्जात फसवणूक सिद्ध झाली तर ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जातात. कॅनडात ५ वर्षांची बंदी. ऑस्ट्रेलियात खोट्या कागदासाठी ३ वर्षं. अमेरिकेत तर खोट्या माहितीमुळे कायमचं अपात्र ठरवलं जाऊ शकतं. आणि हे पकडलं जाणं अवघड नाही. अनुभवाच्या पत्रावरचा फोन लावून बघणं हे पडताळणीचं अगदी पहिलं पाऊल असतं, आणि बंद पडलेल्या शाळेच्या नावाने कोरं करकरीत लेटरहेड, त्यावर अलीकडची तारीख, हे तर फोनशिवायही कळतं. सगळ्यात वाईट हे की तुमची तीन वर्षं खरी आहेत. खऱ्या अनुभवाला खोटा कागद लावून तुम्ही स्वतःच त्याला खोटं पाडाल.

खरा पुरावा कुठे ना कुठे असतोच. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचं खातं, त्या वर्षांची आयकर विवरणपत्रं. बँकेचं जुनं स्टेटमेंट ऑनलाइन दिसत नसलं तरी शाखेत लेखी मागता येतं. शाळा बंद झाली तरी तिला मान्यता देणाऱ्या कार्यालयाकडे किंवा मंडळाकडे शिक्षकांच्या याद्या असू शकतात, तिथे अर्ज करा. तेव्हाचे मुख्याध्यापक सापडले तर त्यांच्याकडून स्वतःच्या नावाने, साध्या कागदावर, सध्याच्या पत्त्यासह पत्र घ्या: मी अमुक काळात तिथे मुख्याध्यापक होतो, या बाई अमुक इयत्तांना अमुक विषय शिकवत होत्या. बंद शाळेच्या लेटरहेडवर ते लिहायला लावू नका, मुख्याध्यापकांचं साधं पत्र त्याहून भक्कम असतं. आणि एक प्रश्न आधीच विचारायला हवा होता. ती तीन वर्षं लागतायत तरी का? नंतरच्या शाळेतली वर्षं त्या देशाच्या अटीला पुरत असतील तर पहिल्या शाळेचा उल्लेख बायोडाटात राहू द्या, पुराव्याचा आटापिटा नको. चीनमध्ये परदेशी शिक्षकांकडे साधारण पदवीनंतरचा दोन वर्षांचा अनुभव मागतात. तुमच्या देशाची अट काय ते शाळा एका ओळीत सांगू शकेल.

नाकारलेला व्हिसा? लिहायचा. फॉर्मवर प्रश्न असेल तर "हो", देश, वर्ष, कारण. देश एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात, आणि नाही केली तरी जुन्या पासपोर्टच्या नंबरावर ती नोंद असतेच. पर्यटक व्हिसा नाकारला म्हणून शिक्षिकेचा व्हिसा नाकारत नाहीत, लपवला म्हणून नाकारतात. नकाराचं पत्र असेल तर जोडा, नसेल तर दोन ओळीत कारण सांगा आणि पुढे चला.

पोलिसांचं प्रमाणपत्र तुम्ही लवकर काढलंत. हेतू चांगला होता, पण हे कागद दुधासारखे असतात, तारीख गेली की नासतात. पुष्कळ ठिकाणी सहा महिन्यांच्या आतलं मागतात. चार महिने आत्ता झाले, अर्ज जाईपर्यंत साडेपाच होतील, शाळेने एक कागद परत मागितला की संपलं. आता नवं काढा, पण आज नको. आधी बी.एड.चं पत्र आणि दुय्यम पदवी मार्गी लागू दे. मुदत अर्जाच्या तारखेपर्यंत धरतात की तिथे पोचण्याच्या, हेही विचारून घ्या, दोन्ही पद्धती आहेत. तुम्ही मध्यंतरी दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथलंही प्रमाणपत्र लागेल. ब्रिटन शिक्षकांकडून गेल्या १० वर्षांत जिथे जिथे एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं मागतं, आणि परक्या देशातून ते मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तारखांचा हिशोब उलटा करायचा. शेवटची तारीख लिहा, रुजू होण्याची, आणि मागे मागे या. प्रत्येक टप्प्याला स्वतःचं घड्याळ असतं. जपानमध्ये शाळा तिथल्या इमिग्रेशनकडून तुमच्यासाठी पात्रतेचं प्रमाणपत्र काढते, ते तीन महिने चालतं, त्या अवधीत व्हिसा घेऊन देशात शिरायचं. ब्रिटनमध्ये शाळेने दिलेलं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र तीन महिन्यांत वापरावं लागतं आणि क्षयाच्या तपासणीचा दाखला सहा महिने धरतात. चीनमध्ये कामाच्या व्हिसावर पोचलात तरी काम संपलं नाही, ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. म्हणजे सगळ्यात आधी काढायचे ते कधीच न शिळे होणारे कागद: पदवी, विवाह, अनुभव. सगळ्यात शेवटी पोलीस, मेडिकल आणि फोटो. फोटोवरून आठवलं, मापं देशागणिक वेगळी असतात. बरेच देश ३५ बाय ४५ मिलिमीटर घेतात, चीन ३३ बाय ४८, अमेरिका ५१चा चौरस आणि चष्म्याशिवाय. माप कागदावर लिहून न्या. आणि पासपोर्टची मुदत कराराच्या काळातच संपत असेल तर नूतनीकरण या सगळ्याच्या आधी, मधे नव्हे.

भाषांतर लागत असेल तर भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत आधीच द्या आणि नावाचं स्पेलिंग त्यावरूनच घ्यायला सांगा, नाहीतर कानाला जसं वाटलं तसं तो लिहितो आणि तुमच्या त्या पानावर आणखी एक ओळ वाढते. मागच्या बाजूचे शिक्केसुद्धा भाषांतरात यायला हवेत.

मूळ कागद कुणाच्या हाती देता ते बघा. अधिकृत व्हिसा केंद्राला पासपोर्ट द्यावा लागतो, त्याची पावती मिळते. एजंटकडे मूळ पदवी "फाइलला" ठेवायची गरज कधीच नसते. तिथे पोचल्यावर शाळेने "सुरक्षिततेसाठी" पासपोर्ट मागितला तर परवान्याच्या कामापुरता द्या, लेखी पोच घेऊन, आणि परत मागून घ्या.

आज संध्याकाळी शाळेला दुसरी एक मेल जाऊ दे, एचआरच्या त्या वाक्याविषयीची नव्हे, ही वेगळी. कागदांची यादी मागा आणि प्रत्येक कागदापुढे चार गोष्टी विचारा: मूळ की प्रत, अपोस्टिल की दूतावासाचं अटेस्टेशन, किती जुना चालतो, कुठल्या भाषेत. त्याच मेलमध्ये स्वच्छ सांगा की बी.एड.च्या प्रमाणपत्रावर छपाईची चूक आहे, दुरुस्ती चालू आहे, विद्यापीठाचं पत्र अमुक तारखेपर्यंत देते. आणि हे झालं नाही तर रुजू होण्याची तारीख किती पुढे ढकलता येईल, हेही आत्ताच विचारा. परदेशी शिक्षक नेमणाऱ्या शाळांना हे प्रश्न नवे नसतात. आठवडाभर आधी हा प्रश्न आला तर त्या वैतागतात, अडीच महिने आधी आला तर दुसऱ्या सत्राची किंवा उशिरा येण्याची सोय बघतात.

घरच्यांचा राजीनाम्याचा सल्ला मला पटत नाही. व्हिसाच्या बहुतेक कामात धावपळ थोडी आणि वाट बघणं फार, त्यासाठी नोकरी सोडून घरी बसायचं कारण नाही. शिवाय सध्याच्या शाळेचं अनुभवपत्र तुम्हाला लागणार आहे, आणि ते "सध्या कार्यरत" असताना मिळालं तर उत्तम. नोटिशीचा कालावधी किती आहे ते नेमणुकीच्या पत्रात बघा. एक महिना असेल तर काळजीच नाही. तीन महिने असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून घ्या, सत्र संपताना सोडेन, नोटीस कमी धराल का, असं. राजीनामा लिहून ठेवायचाच असेल तर लिहा, पण पासपोर्ट व्हिसासकट परत हातात येईपर्यंत त्यावर तारीख घालू नका.